वटवाघूळ उलटं का लटकलंय?

मागच्या अंकात पाचू आणि जेड (चिनी लोक कोरतात तो चिवट, बहुधा हिरवा किंवा पांढरा दगड) यांतला फरक सांगताना चिनी कोरीवकामाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथं घेतली आहेत. एक विनंती: फोटो पाठवताना नगाची मागची बाजूही दाखवा. कारागिरानं पुढे काय दाखवलंय, यापेक्षा मागे काय सोडलंय त्यावरून जास्त कळतं.

मुलगा कामासाठी ग्वांगझोऊला गेला होता. येताना माझ्यासाठी हिरवं लॉकेट आणलं. त्यावर उलटं लटकलेलं वटवाघूळ आणि खाली भोकाचं नाणं आहे. सासूबाई म्हणतात, अपशकुनी आहे, घरातसुद्धा ठेवू नकोस. घालावं का? आणि दगड खरा आहे का? – वाचक, डोंबिवली

खुशाल घाला. सासूबाईंना सांगा, चीनमध्ये याहून शुभ प्राणी शोधून सापडणार नाही. आपल्याकडे वटवाघूळ म्हटलं की पडका वाडा आठवतो. तिकडे त्याच्या नावाचा उच्चार 'फू', आणि सुखसौभाग्याला जो शब्द आहे त्याचाही उच्चार 'फू'. लिहायची अक्षरं वेगळी, कानाला मात्र एकच. एवढ्या भांडवलावर हे वटवाघूळ थेट बादशहाच्या झग्यावर जाऊन बसलं.

चिनी कोरीवकामातली कितीतरी चित्रं अशी कानानं वाचायची असतात. मासा 'यू', शिल्लक उरणं तेही 'यू'; म्हणजे मासा दिला की वर्षाअखेर हातात चार पैसे उरोत अशी इच्छा. घोड्याच्या पाठीवर माकड बसलेलं दिसलं तर हसू नका. 'घोड्यावर' हे शब्द तिकडे 'ताबडतोब' या अर्थानं वापरतात आणि माकडाचा उच्चार जहागीरदारीच्या एका किताबाशी जुळतो. बढतीची वाट बघून थकलेल्या माणसाला ते लॉकेट द्यायचं.

तुमच्या लॉकेटात तर शब्दांवर शब्द रचलेत. उलटं असणं आणि येऊन पोहोचणं, दोन्ही 'दाओ'. नाणं आणि 'पुढ्यात', दोन्ही 'च्येन'. नाण्याच्या भोकाला तिकडे डोळा म्हणतात. सगळं एका दमात वाचलं की वाक्य तयार होतं: सौभाग्य आलं, डोळ्यांसमोर उभं आहे. वटवाघूळ सरळ कोरलं असतं तर वाक्यातलं क्रियापदच गेलं असतं. एखाद्या डबीवर पाच वटवाघळं दिसली तर ती पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, निरोगी शांत जगणं, सदाचाराची आवड आणि आयुष्य पुरं करून आलेलं मरण. यातलं शेवटचं मला फार पटतं. आशीर्वादातच मरणाचीही नीट सोय लावून ठेवणारी माणसं व्यवहारी असली पाहिजेत.

आता दगड. जेड या नावाखाली दोन दगड विकतात, जेडाइट आणि नेफ्राइट. ग्वांगझोऊच्या बाजारातला चमकदार हिरवा माल बहुतेक जेडाइट असतो आणि तो चीनचा नसतो. म्यानमारच्या कचिन प्रांतातल्या खाणींतून येतो. चीनमध्ये तो मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला १८व्या शतकापासून. त्याआधी हजारो वर्षं चिनी माणसाचं जेड म्हणजे नेफ्राइट. त्यातही मान शिनच्यांगमधल्या खोतानच्या नद्यांत सापडणाऱ्या गोट्यांना, आणि गोट्यांत मान बकऱ्याच्या चरबीच्या रंगाला. हे दोन दगड मुळातच वेगळे आहेत, हे १८६३ साली आलेक्सी दामूर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञानं दाखवून दिलं.

फोटोवरून खरंखोटं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. बाजारात जेडाइटचे ए, बी, सी असे प्रकार चालतात. ए म्हणजे वरून मेणाचा हात, बाकी काही नाही. बी म्हणजे ॲसिडनं आतले डाग धुऊन काढले आणि रिकाम्या झालेल्या फटींत राळ भरली. सी म्हणजे रंग चढवला. बी माल नवा असताना ए मालापेक्षा देखणा दिसतो, आणि गिऱ्हाईक फसतं ते तिथंच. पुढे राळ पिवळी पडत जाते. १० पट भिंगाखाली अशा नगाच्या पॉलिशवर जाळीसारख्या बारीक रेघा दिसतात. रंगवलेल्या नगात हिरवा रंग कणांच्या सांध्यांत साचलेला असतो. खात्रीच हवी तर लॅबमध्ये इन्फ्रारेड तपासणी करून घ्या. तपासणीचा खर्च लॉकेटाच्या किमतीवर जाणार असेल तर मात्र मुलाला विचारू नका आणि लॅबलाही नको.

माझ्या मिस्टरांचा मशिनरीचा धंदा. तैवानच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना पांढऱ्या जेडमधली देवी भेट दिली आणि मला ढेरपोट्या लाफिंग बुद्ध. डब्यांची अदलाबदल झाली असेल असं समजून आम्ही आपापसांत बदलून घातली. बरोबर केलं ना? – वाचक, नाशिक

अदलाबदल झाली ती आत्ता. परत बदला. पुरुषांनी ग्वानयिन, म्हणजे तुमच्याकडची ती देवी, घालावी आणि बायकांनी बुद्ध, असं तिकडे सर्रास बोललं जातं. हा बुद्ध म्हणजे सिद्धार्थ गौतम नव्हे. पोट सुटलेला, खांद्यावर पोतं घेतलेला भिक्षू बूदाय, ज्याला पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचा अवतार मानतात, तो हा.

असं का, याचं उत्तर प्रत्येक दुकानात वेगळं मिळतं. हाँगकाँगला कामाला असताना यौ मा तेईच्या जेड बाजारात मी हा प्रश्न मुद्दाम विचारत फिरायचे. कुणी सांगे, ग्वानयिनचा उच्चार सरकारी शिक्क्याच्या शब्दाजवळ जातो, म्हणजे पुरुषाला अधिकाराची जागा मिळो. आणि बुद्ध म्हणजे 'फो', तो आपल्या त्या 'फू'ला जवळचा. कुणी म्हणे, पुरुषानं देवीकडून शांतपणा घ्यावा आणि बाईनं हसऱ्या बाबाकडून मोठं मन घ्यावं. हे दुसरं कारण चार पुरुषांनी चहा पिता पिता जुळवलेलं दिसतं. तिसरं मला पटतं: व्यापाराला, परीक्षेला घराबाहेर पडायचे ते पुरुष, आणि वाटेत संकटात हाक मारली की धावून येणारी ग्वानयिन.

हे तिसरं पडताळायला तैवान गाठायची गरज नाही. ग्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व. इथून गेला तेव्हा पुरुष होता. सोंग राजवटीपासून पुढे स्त्रीरूप रुळत गेलं. औरंगाबादच्या ७व्या लेण्यात व्हरांड्याच्या भिंतीवर तो उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार संकटं कोरली आहेत. आग, दरोडेखोर, बेड्या, फुटणारं जहाज, सिंह, साप, मस्तवाल हत्ती, मृत्यू. प्रत्येक ठिकाणी घाबरलेली माणसं त्याला हात जोडताहेत. माल घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याची धास्ती याहून नेमकी मांडलेली मी पाहिलेली नाही. तैवानच्या व्यापाऱ्यानं तुमच्या मिस्टरांना जे दिलंय ते याच भिंतीवरचं, मोठा वळसा घालून परत आलेलं. मूर्तीच्या हातात छोटी कुपी आणि वाळुंजाची (विलोच्या झाडाची) डहाळी दिसते का, बघा. नाशिकहून लेणी एका दिवसात होतात, लॉकेट बरोबर न्या.

तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये रांग लावून जेडचा कोबी पाहिला. वाटलं हातभर असेल, निघाला वीतभरसुद्धा नाही. राजघराण्यानं भाजी का कोरून घ्यावी? – वाचक, कोल्हापूर

उंची १८.७ सेंटिमीटर. आणि तो आपला गड्ड्याचा कोबी नव्हे, लांब पानांचा चिनी कोबी. खाली पांढरा, वर हिरवा.

आधी दगडाकडून बघा. जेडाइटचा हा तुकडा अर्धा पांढरा, अर्धा हिरवा, आणि आतून चिरा गेलेल्या. बांगड्यांसाठी कुणी त्याला हात लावला नसता. कारागिरानं पांढऱ्या भागाचे देठ केले, हिरव्याची पानं केली आणि चिरा पानांच्या शिरांत जिरवल्या. शेंड्याला, पान जिथं मुरडतं तिथं, एक टोळ आणि एक लांब मिशांचा नाकतोडा बसवलाय. तो सगळा भाग सलग त्याच दगडातला आहे, चिकटवलेलं काही नाही. कोपऱ्यातला दोष वाया न घालवता त्याचंच काहीतरी करणं, ही जेड कारागिराची खरी परीक्षा.

आता माणसांकडून. हा कोबी बीजिंगच्या राजवाड्यातल्या युंगहो महालात होता, मीनाकारीच्या कुंडीत झाडासारखा लावलेला. त्या महालात सम्राट क्वांगशूची राणी चिन राहायची. १८८९ साली ती राजवाड्यात आली, त्यामुळे हा कोबी तिच्या आंदणातला असावा असा अंदाज बांधतात. तसं धरलं तर वाचन सरळ आहे: पांढरा देठ म्हणजे वधूचं निष्कलंक चारित्र्य, आणि ढिगानं अंडी घालणारे ते दोन किडे म्हणजे मुलंबाळं. क्वांगशूला मूल झालंच नाही. राणी चिनची सख्खी बहीणही त्याचीच राणी होती. १९०० साली परदेशी फौजा बीजिंगमध्ये शिरल्या तेव्हा या बहिणीला राजवाड्यातल्या विहिरीत ढकलून मारलं असं सांगतात. १९०८ साली सम्राट गेला, काही वर्षांत राज्यही गेलं.

आजच्या दुकानदाराला यातलं काही घेणंदेणं नाही. त्याच्या गल्ल्याशेजारी जो जेडचा कोबी असतो तो 'शंभर संपत्ती' या शब्दाशी उच्चार जुळतो म्हणून. भाजी एकच, महालात नातवंडं मागते आणि दुकानात गिऱ्हाईक.

माझी मिथुन रास. पाचू परवडत नाही म्हणून ज्योतिषांनी जेड सुचवलं. त्यावर कोणती आकृती लाभेल? – वाचक, पुणे

जेड नवरत्नांत नाही, आणि बांबू कोरणाऱ्या चिनी कारागिराला तुमच्या बुधाची काहीच कल्पना नसते. त्यांचं चक्र वर्षांचं आहे, उंदरापासून डुकरापर्यंत १२ प्राणी. जन्मवर्षाचा प्राणी गळ्यात घालतात. आपल्याकडे जेडचा एक वापर मात्र जुना आहे. मुघल काळात छातीवर रुळेल अशी जेडची चपटी ताईतं घालत, त्यांना हौलदिली म्हणत, छातीतली धडधड शमावी म्हणून. पाचूचा भाव ऐकून धडधड होत असेल तर तेवढ्यापुरतं घालून बघा.

शिल्पकला शिकतोय. जेड छिन्नीनं कोरतात का? आणि एका प्रदर्शनात काहीच न कोरलेली सपाट पाटी सर्वांत महाग का होती? – विद्यार्थी, मुंबई

छिन्नी लावलीस तर छिन्नीच बोथट होईल. नेफ्राइटची कठिणता ६ ते ६.५, म्हणजे पोलादी चाकूच्या थोडी वरच. पण कारागिराला छळतो तो त्याचा चिवटपणा. आत सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, हातोड्याला दाद देत नाहीत. म्हणून जेड कापत नाहीत, झिजवतात. पायानं मागेपुढे फिरवायचं लाकडी यंत्र, आडव्या दांड्याला लोखंडी चकती, आणि चकतीवर सारखी ओली वाळू सोडायची. झिजवते ती वाळू: गारेची, तामड्याची किंवा कुरुंदाची. लोखंड फक्त तिला फिरवतं. आता विजेवरची यंत्रं आणि हिऱ्याची पूड बसवलेली टोकं आली, तरी काम झिजवण्याचंच. म्हणून जेडमध्ये तुटक फटकारा दिसत नाही, रेघ कुठंतरी वळत वळत विरते. एक टीप: खोलगट भागाचा तळ सगळीकडे एकाच पातळीवर आणि बारीक खरबरीत लागला, तर नग साच्याच्या अल्ट्रासॉनिक यंत्रातून पडलेला समज. त्याची शेकडो भावंडं बाजारात असतात.

धातूची हत्यारं हाती नसतानाही माणसांनी हे केलंय. हांगझोऊजवळ लियांगझू इथं सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचं शहर सापडलं. १९८६ साली तिथल्या फानशानच्या १२ क्रमांकाच्या थडग्यात जेडचा साडेसहा किलोचा त्सोंग मिळाला: बाहेरून चौकोनी ठोकळा, मधून गोल आरपार भोक. त्यावर मोठाल्या गोल डोळ्यांचा पशू, आणि पशूच्या वर पिसांचा टोप घातलेला माणूस, इतक्या बारीक रेघांत की भिंगाशिवाय सगळं दिसत नाही. चौकोन म्हणजे पृथ्वी आणि गोल म्हणजे आकाश, असं पुस्तकांत छापतात. तो अर्थ नंतरच्या ग्रंथांनी लावलेला आहे. ज्यांनी त्सोंग घडवला त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे परीक्षेत ठामपणे लिहू नकोस.

आता कोरी पाटी. या धंद्यातला नियम असा की चीर तिथं फूल. डाग असेल तिथं ढग येतो, फट असेल तिथून वेल जाते. नक्षी फार दाट दिसली की मी आधी नग उजेडासमोर धरते आणि आत काय झाकलंय ते बघते. कोऱ्या पाटीत झाकायला जागाच नाही. एवढा मोठा निर्दोष दगड मिळणं आणि मिळाल्यावर त्याला हात न लावण्याचा संयम, दोन्हीचे पैसे लागतात. शिवाय 'नक्षी नाही' आणि 'कटकट नाही' यांचा उच्चार चिनीत सारखाच, म्हणून ती पाटी म्हणजे निर्वेध आयुष्याची इच्छा. याचं श्रेय मिंग काळातल्या सुझोऊच्या लू झिगांग या कारागिराला देतात. त्या फंदात पडू नकोस. त्याच्या नावाच्या सहीच्या पाट्या जगात इतक्या आहेत की सगळ्या त्याच्याच मानल्या तर बिचाऱ्याला जेवायला वेळ मिळाला नसता.

चिनी डबीवर स्वस्तिक आहे, पण उलटं. हे चालतं का? – वाचक, सातारा

तिथं दोन्ही दिशांचं चालतं. बौद्ध धर्माबरोबर भारतातून गेलं, आणि ६९३ साली सम्राज्ञी वू हिनं त्याचा उच्चार 'वान' ठरवून दिला, म्हणजे दहा हजार. एकाला एक जोडलेल्या स्वस्तिकांची जाळी दिसली तर ती न संपणाऱ्या भरभराटीची.

जुन्या सामानाच्या दुकानातून पांढऱ्या-करड्या जेडचा सिकाडा घेतला, पावसाआधी झाडावर कर्कश ओरडतो तोच किडा. दुकानदार म्हणाला २,००० वर्षं जुना. आता कुणी सांगतं की तो प्रेताच्या तोंडात ठेवायचे. झोप उडाली आहे. – वाचक, मडगाव

शांत झोपा, दोन्ही कारणांसाठी.

प्रेताच्या जिभेवर सिकाडा ठेवत, हे खरं. हान राजवटीत ही चाल जोरात होती. सिकाडाचं पिल्लू वर्षानुवर्षं जमिनीखाली काढतं, मग वर येऊन पाठीवर उकलतं आणि जुनी कात झाडाला तशीच सोडून उडून जातं. मेलेल्या माणसासाठी याहून मोठी आशा कुठली? जेडमुळे शरीर टिकतं अशीही श्रद्धा होती. १९६८ साली हपेई प्रांतातल्या मानचेंगला राजपुत्र लियू शेंगचं थडगं उघडलं, तेव्हा जेडच्या २,४९८ तुकड्यांना सोन्याच्या तारेनं शिवलेला अख्खा पोशाख मिळाला. पोशाख टिकला, आतल्या राजपुत्राची माती झाली होती.

पण तोंडात ठेवायच्या सिकाडाला भोक नसतं. कशाला असेल, तो ओवायचा नाही. तुमच्या फोटोत डोक्यापाशी आरपार भोक आहे, म्हणजे हा जिवंत माणसानं अंगावर घालायचा. त्याचा अर्थ वेगळा: बराच काळ गप्प राहून एकदाच ओरडावं आणि सगळ्यांना चकित करावं. परीक्षार्थींना देतात.

झोपेचं दुसरं कारणही त्याच भोकात आहे. जुन्या काळी दोन्ही बाजूंनी वाळूनं झिजवत आणून मध्यावर गाठ घालत, त्यामुळे भोक तोंडाशी रुंद आणि मध्ये अरुंद असतं, कधी दोन्ही बाजू नीट जुळतही नाहीत. तुमचं भोक एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नळीसारखं सरळ गेलंय. ड्रिल आहे. तोंडात तो कुणाच्याच गेलेला नाही.

चिनी जेड आपल्याकडे येतं, तसं आपलं कधी तिकडे गेलं का? इथं कुठं बघायला मिळेल? – मराठी वाचक, हैदराबाद

गेलं, आणि चिनी बादशहा त्यावर लट्टू झाला. १७५९च्या सुमारास सम्राट छ्येनलुंगनं शिनच्यांग ताब्यात घेतल्यावर तिकडून नजराण्यात जेडची भांडी येऊ लागली. त्यात मुघल कारागिरांची होती, तशी मध्य आशियातली आणि तुर्की घडणीचीही. तो सगळ्यांनाच हिंदुस्तानी म्हणे. फुलाच्या पाकळ्यांसारखी काठ वळवलेली, उजेड आरपार जाईल इतकी पातळ वाटी त्याच्या पदरच्या लोकांना जमत नव्हती. त्यानं या भांड्यांवर कविता केल्या आणि थांबला नाही, त्या भांड्यांवरच कोरून घेतल्या. गुळगुळीत पाकळीवर बादशहाची चार ओळींची दाद! मला तर ती वाटी बघताना कविता खरवडून काढावीशी वाटते. तैपेईच्या त्याच संग्रहालयात, कोबीच्या गर्दीपासून लांब, ही भांडी शांतपणे बघता येतात.

याच बादशहाची उलटी हौसही सांगायला हवी. ५ टनांहून जड जेडचा एक खडक त्यानं शिनच्यांगहून आणवला, कोरायला यांगझोऊला पाठवला आणि १७८७ साली तो बीजिंगला परत आला. पूर आवरण्यासाठी डोंगर फोडणारा पुराणातला राजा यू आणि त्याची माणसं त्यावर आहेत. इच्छेचं वाक्य वगैरे इथं काही नाही. मीच तो यू, एवढंच सांगायचंय.

बघायला तुम्हाला लांब जायला नको. सालारजंग संग्रहालयातलं जेडचं दालन घराजवळच आहे; जहांगिराचा चाकू आणि नूरजहाँचा खंजीर बघा, मुघल जेड म्हणजे काय ते कळेल. मुंबईला आलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू आहेत. आणि एखाद्या पारशी घरी जुना गारा नेसलेल्या आजी भेटल्या तर पदर जवळून बघायची परवानगी मागा. चिनी व्यापारातून आलेल्या त्या भरतकामात करकोचे, कमळं, अळंब्या, सगळी जेडवरची मंडळी भेटतात.

२००८च्या बीजिंग ऑलिम्पिक पदकांत जेड होतं म्हणतात. खरं का? – वाचक, सोलापूर

खरं आहे. पदकाच्या मागच्या बाजूला जेडची चकती बसवली होती, मधोमध गोल. मध्ये भोक असलेल्या 'बी' नावाच्या प्राचीन जेड चकतीवरून ती घेतली. दगड छिंगहाय प्रांतातला. सुवर्णाला पांढरं जेड, रौप्याला फिकट हिरवट पांढरं, कांस्याला हिरवट. म्हणजे १० मीटर एअर रायफलच्या सुवर्णपदकाबरोबर अभिनव बिंद्राच्या घरी पांढरं जेड आलं, आणि सुशील कुमार व विजेंदर सिंग यांच्या घरी हिरवट.